डिटेक्टर, जॅमर आणि माझी इलेक्ट्रिक गाडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इलेक्ट्रिक गाडीत रडार डिटेक्टर, म्हणजे पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारची चाहूल देणारं यंत्र, लावण्याबद्दलच्या माझ्या लेखावर इतकं मोकळेपणानं लिहिलंत, त्याबद्दल आभार. मी शिकलासवरलेला माणूस असून लोकांना कायदा मोडायला शिकवतो, असं तुमचं म्हणणं. यंत्र इतकं निरुपद्रवी असेल तर तुमच्या व्हर्जिनियात त्यावर बंदी का, हा तुमचा प्रश्न. आणि आवाज न करता क्षणात पळणाऱ्या इलेक्ट्रिक गाडीत रडार डिटेक्टर लावणं म्हणजे आगीत तेल ओतणं, हा तिसरा आक्षेप. या तिसऱ्यावर मी दोन दिवस विचार करत होतो, म्हणून उत्तराला उशीर झाला.

आधी माझी चूक. मूळ लेखात डिटेक्टर आणि लेझर जॅमर मी एकाच दमात सांगून टाकले. तसं करायला नको होतं. डिटेक्टर फक्त ऐकतो. इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, पोलिसांचं रडार मुख्यतः २४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या के बँडवर, नाहीतर ३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झच्या केए बँडवर चालतं. त्या लहरी हवेत असतातच, डिटेक्टर त्या पकडतो. लेझर गनचं तंत्र वेगळं. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठोके गाडीच्या नंबरप्लेटवर सोडते आणि ते परत यायला लागणारा वेळ मोजून वेग काढते. जॅमर हे ठोके ओळखून स्वतःचे ठोके उलट मारतो, मग गनवर आकडाच उमटत नाही. एक कान लावून बसणं झालं, दुसरं समोरच्याचं तोंड दाबणं. कॅलिफोर्निया, टेक्सास, इलिनॉय आणि तुमच्या व्हर्जिनियासकट बऱ्याच राज्यांत जॅमरवर बंदी आहे, आणि ती मला मनापासून पटते. जॅमरचा परिच्छेद मी काढून टाकला आहे.

आता बंदीचं. खासगी गाडीतल्या डिटेक्टरवर बंदी घालणारं राज्य एकटं व्हर्जिनिया. शिवाय वॉशिंग्टन डीसी. दहा हजार पौंड वजनावरच्या व्यावसायिक वाहनांना मात्र देशभर मनाई आहे. मी राहतो त्या न्यू जर्सीत माझ्या गाडीला तो चालतो. तुमच्याकडे येताना मेरीलँडमध्ये, व्हर्जिनियात शिरणारा पोटोमॅक नदीवरचा पूल लागायच्या आधीच्या गॅस स्टेशनवर मी थांबतो. आरशामागची वायर उपसतो, डिटेक्टर काचेवरून काढतो आणि डिकीत, कपड्यांच्या बॅगेखाली ठेवतो. नुसता बंद करून काचेला लटकत ठेवला तर तुमच्याकडचे पोलीस हटकू शकतात, आणि त्यांचं चूक नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीत ताशी ८० मैलांच्या वर गेलं की इंजिन ओरडायचं, स्टिअरिंग थरथरायचं. या गाडीत तसं काहीच होत नाही. गेल्या महिन्यात टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, ६५ची मर्यादा असताना, आम्ही मुलीच्या परीक्षेबद्दल बोलत होतो. बायकोनं स्क्रीनकडे बोट दाखवलं तेव्हा आकडा ८१ होता. मागची सीट शांत, डिटेक्टरही शांत. पोलीस नव्हते म्हणून तो गप्प होता. मी वेगात होतो हे त्याला कळायचं कारणच नाही. ६५चे ८० झाले की गाडीतली ऊर्जा दीडपट होते, आणि माझ्या गाडीत नुसती बॅटरीच ४०० किलोंच्या वर आहे. ही सगळी ऊर्जा थांबताना जिरवावी लागते.

डिटेक्टरमुळे माणूस वेगाबाबत सावध राहतो, असं मी लेखात लिहिलं होतं. ते मी मागे घेतो. वेगाची आठवण करून द्यायला गाडीतच सोय आहे: मर्यादा ओलांडली की घंटी वाजते. ती मी कटकट म्हणून बंद केली होती, आता चालू केली आहे, आणि लांबच्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग एका आकड्यावर धरून ठेवणारी सोय, लावतो.

मग डिटेक्टर ठेवलाय कशाला, असं तुम्ही विचाराल. खरं सांगायचं तर रेडिओचा जुना नाद. शेजारच्या लेनमधल्या गाडीचा ब्लाइंड स्पॉट सेन्सर (आरशात न दिसणारी बाजूची गाडी टिपणारं छोटं रडार) २४ गिगाहर्ट्झवर बोलत असेल तर हा उगाच ओरडतो. त्यातली खरी हाक कोणती आणि फसवी कोणती, हे ओळखण्यात मला अजूनही रस आहे. पण थँक्सगिव्हिंगला तुमच्या भागात येईन तेव्हा तो घरीच ठेवून येईन.