सड्यावरची व्हायवा

काल फोनवर माझी केमिस्ट्रीची व्हायवा (तोंडी परीक्षा) झाली. म्हणजे माझी थोडी आणि तात्यांची बरीच.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर रेंज नाही. ती मिळते वर सड्यावर, डोंगरावरच्या पठारावर, तीही एकाच काजूखाली. २२ मार्च २०२०ला जनता कर्फ्यू, एका दिवसाचा तर प्रश्न, म्हणून हॉस्टेलवरून दोन ड्रेस घेऊन घरी आले. आता एप्रिल २०२१ चाललाय. माझा लॅबकोट अजून हॉस्टेलच्या खुंटीला आहे. त्याची हजेरी माझ्याहून बरी.

सध्या काजूचा हंगाम. तात्या मागे बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचत होते. मॅडमनी विचारलं, "डिस्टिलेशन दोनदा का करतात?" पाठ केलेलं सगळं रेंजसारखं गेलं.

मागून आवाज आला, "कडक व्हायला!"

"कोण बोललं?"

"कोणी नाही, मॅडम."

"कोणी नाही कसं? मी आहे ना!" तात्या काठी टेकत पुढेच आले. "पहिल्यांदा उतरतो तो हुर्राक. त्यात नीरो, बोंडवांचा रस, घालून परत भाटी लावायची, मग फेणी. सांग की गो बाय त्यांना! एवढं शिकून काय केलंस?"

"वाफ थंड कशी करतात?" मॅडमनी मला विचारलं. मलाच.

"पाणी ओतून," तात्या म्हणाले. "पण ओतणारा झोपता नये. आमचा धाकटा एकदा झोपला. तीन डबे नीरो फुकट." मग तो का झोपला, आदल्या रात्री कुठल्या जत्रेला गेला होता, तिथे नाटक कुठलं होतं आणि त्यातल्या राजाची मिशी कशी सुटली, हे सगळं परीक्षेत आलं.

मॅडमनी फोन गोल फिरवून दाखवायला सांगितलं. मी दाखवला: सडा, गाय, बोंडवांची टोपली, मास्क हनुवटीला लावलेले तात्या. तात्यांनी नमस्कार केला.

"उत्तरं सांगायला माणूस बसवलाय?"

"बसवलाय कुठे? मघापासून उभाच आहे," तात्या म्हणाले.

हसा. मीही रात्री हसले, पण रडून झाल्यावर. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आमच्या वाड्याला अजून टॉवर मिळत नाही. मांडवी नदीतले कॅसिनो १ नोव्हेंबर २०२०ला उघडले. तिथे रात्रभर पत्ते पिसले तर चालतं, मी लॅबमध्ये ब्युरेट धरली की संसर्ग! आणि कॉपी करायची असती तर मी निदान तात्यांपेक्षा हळू बोलणारा माणूस आणला असता.

संध्याकाळी मेसेज आला. व्हायवा रद्द, पुन्हा गुरुवारी. विद्यार्थिनीने बंद खोलीत एकटीने बसावं.

बंद खोलीत माझ्या फोनला एक काडी येत नाही. हे मॅडमना कळवायला आज सकाळी परत सडा चढले. तात्या होतेच. मेसेज टाइप करेपर्यंत खांद्यावरून वाचत म्हणाले, "गुरुवारी नको म्हणून सांग. माझी भाटी आहे."