पॅलेस्ट्रिनाने चर्चसंगीत खरोखर ‘वाचवले’ का?

पाश्चात्त्य संगीतावरच्या लेखांत एक कथा वारंवार फिरते. सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चची ट्रेंटची धर्मपरिषद चर्चमधून बहुस्वरी गायन (अनेक आवाजांनी एकाच वेळी वेगवेगळ्या चाली गाणे) हद्दपार करणार होती. पॅलेस्ट्रिना या इटालियन संगीतकाराने ‘मिस्सा पापे मार्चेल्ली’ ही मिस्सा (कॅथलिक उपासनेच्या मजकुराची संगीतरचना) रचून कार्डिनलांना, म्हणजे पोपखालच्या वरिष्ठ धर्मगुरूंना, ऐकवली आणि बंदी टळली. १६०७ मध्ये संगीतकार अगाझारीने या कथेचा उल्लेख केला, पण तपशिलांचा साज चढवून ती सर्वदूर नेली ती जुझेप्पे बाइनींनी, १८२८ च्या द्विखंडी पॅलेस्ट्रिना-चरित्रातून. या कथेतले आणि तिच्याभोवतीचे दावे एकेक करून पाहू.

‘परिषद बंदी घालणार होती.’ १७ सप्टेंबर १५६२ च्या आदेशात एवढेच आहे की वादनात वा गायनात कामुक, अपवित्र काही मिसळू नये. बारीकसारीक नियम पुढे प्रांतिक धर्मसभांवर सोपवले गेले. शब्द कळत नाहीत ही तक्रार खरी होती. पण त्याच परिषदेसाठी संगीतकार याकोबुस दे केर्लेने बहुस्वरी प्रार्थना रचल्या होत्या, तेही एका कार्डिनलच्या सांगण्यावरून.

‘कार्डिनलांनी मिस्सा ऐकून निकाल दिला.’ पोपच्या गायकवृंदाच्या रोजनिशीत २८ एप्रिल १५६५ ची नोंद आहे: शब्द कळतात का हे पाहण्यासाठी कार्डिनल वितेल्ली यांच्या घरी काही मिस्सा गायल्या गेल्या. कोणत्या, कोणाच्या, हे तिथे लिहिलेले नाही; ती जागा बाइनींनी स्वतः भरली. शिवाय परिषद डिसेंबर १५६३ मध्येच संपली होती, मग १५६५ च्या गायनाने तिचा निर्णय बदलणार कसा? संगीत-अभ्यासक हाबर्ल यांनी १८९२ मध्ये बाइनींची ही मांडणी तपासून खोडून काढली.

‘ही मिस्सा साधेपणाचा नमुना आहे.’ अर्धे खरे. ‘ग्लोरिया’ आणि ‘क्रेदो’ या मिस्सातल्या भागांचा मजकूर लांबलचक, म्हणून तिथे बहुतेक ठिकाणी एका अक्षराला एकच स्वर येतो आणि आवाज एकत्र बोलतात. सहाही आवाज क्वचितच एकदम वापरले आहेत: तीन-चार जणांचा गट एक ओळ म्हणतो, दुसरा गट पुढची उचलतो, आणि पूर्ण वृंद महत्त्वाच्या शब्दांसाठी राखून ठेवलेला असतो. ‘किरिये’ या भागात शब्द मोजकेच, तिथे मात्र तोच स्वरबंध एकामागून एक आवाज उचलत जातात आणि अक्षरे एकमेकांवर चढतात. पडताळायचे असेल तर लॅटिन मजकूर हातात धरून आधी ‘ग्लोरिया’तले ‘एत इन तेर्रा पाक्स’ ऐका, मग ‘किरिये’. फरक लगेच कळेल. शेवटच्या ‘आग्नुस देई’ या भागात तर सातवा आवाज येतो आणि तीन आवाजांचा कॅनन (तीच चाल एकामागून एक आवाजांनी गाणे) चालतो. केवळ सुबोधता सिद्ध करायची असती तर हे कशाला?

‘बाइनींनी विस्मृतीतून पॅलेस्ट्रिना शोधला.’ पोपच्या वृंदात तो कायम गायला जात होता आणि बाइनी त्याच वृंदातले. त्यांचे मोल वेगळे आहे. सोळाव्या शतकातल्या छापील वह्यांत प्रत्येक आवाज स्वतंत्र असतो, मात्रारेषा नसतात. एक विराम चुकला की पुढचे सारे सरकते आणि मग समेला भलतेच स्वर एकत्र येतात. अशा वह्यांवरून सगळे आवाज एकाखाली एक मांडण्याचे कष्ट बाइनींनी घेतले. त्यांच्या चरित्राने पेटलेल्या उत्साहातूनच पुढे १८६२ ते १९०७ या काळात पॅलेस्ट्रिनाची समग्र आवृत्ती निघाली. तिचे पुढचे मुख्य संपादक हाबर्लच होते.