खालच्या टियरचे कल्याण कसे करावे

आपल्या हाती पोकेमॉन या व्हिडिओ गेमच्या लढतींतील एखाद्या खालच्या टियरचा, म्हणजे फारशा वापरल्या न जाणाऱ्या पोकेमॉनच्या गटाचा, कारभार आला असेल, तर सर्वप्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. वरच्या टियरचा कारभार ही मोठी डोकेदुखी असते. तिथे लोक खरोखर खेळतात, लढतींचे रिप्ले पाहतात आणि वर प्रश्नही विचारतात. खालच्या टियरमध्ये खेळणारे मोजके, तक्रार करणारे त्याहून मोजके आणि निर्णय घ्यायला मात्र सगळेच मोकळे, त्यामुळे नेतृत्वगुण दाखवण्यासाठी याहून निवांत जागा सापडणार नाही. नागपुरातील आमच्या पोकेमॉन मंडळाने नुकतेच खालच्या टियरमधून स्नीझल नावाच्या पोकेमॉनला ज्या तडफेने हद्दपार केले, ते जवळून पाहण्याचे भाग्य मला लाभले. त्या अनुभवातून हाती लागलेल्या काही सूचना आपल्या उपयोगी पडतील अशी आशा आहे.

टियर आखताना जगमान्य पद्धत जशीच्या तशी उचलावी, फक्त तिच्यामागचे कारण उचलू नये. स्पर्धात्मक पोकेमॉनचे टियर ठरवणाऱ्या स्मोगॉन या ऑनलाइन समुदायाची वापराधारित पद्धत आपण जाणताच. वरच्या टियरमधील किमान ४.५२ टक्के संघांत जो पोकेमॉन दिसतो, तो वरचा, बाकीचे खाली. हा आकडा कोणाच्या स्वप्नात आलेला नाही. एखाद्या खेळाडूने १५ लढती खेळल्या, तर तो पोकेमॉन निदान एकदा समोर येण्याची शक्यता ५० टक्के असावी, या हिशेबातून तो निघतो, आणि तो चालतो याचे कारण म्हणजे पोकेमॉन शोडाउन या ऑनलाइन लढतींच्या संकेतस्थळावर महिनाभरात होणाऱ्या लढतींची संख्या अवाढव्य असते. आमच्या मंडळाच्या लीगमध्ये संघ १६ आहेत. सोळांपैकी एका संघाने एखादा पोकेमॉन घेतला की त्याचा वापर ६.२५ टक्के भरतो, म्हणजे कोणीही, एकट्याने, कोणत्याही पोकेमॉनला हात लावला की तो तत्काळ वरच्या टियरचा मानकरी ठरतो आणि खालच्या टियरमध्ये फक्त ज्यांच्याकडे एकही माणूस ढुंकून पाहत नाही असे जीव उरतात. ही गोष्ट लक्षात आल्यावर समितीने आकडा बदलला, असे आपल्याला वाटत असेल तर आपण अजून नवखे आहात. समितीने आकडा नियमावलीत शोभेसाठी ठेवला आणि यादी आपल्याला सुचेल तशी बसून केली.

त्यानंतर खालच्या टियरचे निर्णय वरच्या टियरच्या खेळाडूंकडे सोपवावेत. नागपूरकरांना ही पद्धत समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. १९५३ च्या नागपूर करारापासून आपल्याला तिची सवय आहे: अधिवेशन आपल्याकडे, बंद रस्ते आपल्याकडे, मोर्चे आपल्याकडे, आणि निर्णय सामानासकट परत मुंबईला. आमच्या समितीत पाच सदस्य आहेत आणि त्यांपैकी चौघांनी खालच्या टियरची लढत गंभीरपणे खेळलेली मी पाहिलेली नाही. वरच्या टियरमध्ये कोणी वापरेनासे झालेले धूड खाली ढकलायचे असेल, तेव्हा मात्र या चौघांना खालच्या टियरची आठवण हमखास होते.

मतदारांची पात्रता हा विषय शक्यतो काढूच नये. मूळ पद्धतीत संशयित, म्हणजे बंदीच्या विचाराधीन, पोकेमॉनविषयी मत देण्याआधी खेळाडूला नवे खाते उघडून लॅडरवर, म्हणजे ऑनलाइन क्रमवारीत, ठराविक दर्जा गाठावा लागतो, म्हणजे ज्याच्याविषयी तो बोलणार आहे त्याच्याशी तो निदान काही काळ झुंजलेला तरी असतो. ही अट अपमानास्पद असल्याचे आमच्याकडे ठरले. त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवर जो आहे तो मतदार. एका मान्यवरांनी आजवर केवळ अधिकृत डबल्स प्रकार खेळला आहे, जिथे एका वेळी दोन पोकेमॉन मैदानात उतरतात आणि सहांपैकी चारच निवडायचे असतात. सहा विरुद्ध सहाच्या एकेरी लढतीत स्विच करणे म्हणजे काय, हे त्यांनी मतदानाच्या आदल्या रात्री मला विचारले, आणि दुसऱ्या दिवशी बंदीच्या बाजूने मत दिले.

रिप्ले पाहू नयेत. त्यांनी मत गढूळ होते.

फोकस ब्लास्ट हा वार चुकल्यास दोष नेहमी समोरच्या पोकेमॉनला द्यावा. ७० टक्के अचूकतेचा वार आपण निवडला होता, हा तपशील गौण आहे.

आता मुख्य विषयाकडे येऊ, म्हणजे बंदी कोणावर घालावी याकडे. उत्तर सोपे आहे: अंतिम सामन्यात ज्याने समितीच्या जवळच्या माणसाला हरवले, त्याच्यावर. आमच्याकडे हा मान स्नीझलला मिळाला. ज्यांना त्याची ओळख नाही त्यांच्यासाठी सांगतो, की स्नीझल हा डार्क आणि आइस प्रकारांचा पोकेमॉन आहे. त्याचा मूळ वेग ११५ आहे, जो खालच्या टियरमध्ये खरोखरच फार मोठा आहे, हे मी मान्य करतो. नॉक ऑफने तो समोरच्याच्या हातातली वस्तू पाडतो, ट्रिपल ॲक्सेलने तीन वार करतो आणि स्वॉर्ड्स डान्सची एक संधी मिळाली तर त्याचा हल्ला दुप्पट होतो. एवढे ऐकून समितीने ‘याला उत्तरच नाही’ असा निष्कर्ष काढला आणि तिथेच थांबली. तिने थोडे पुढे वाचले असते तर तिला असे कळले असते, की याच प्राण्याचे आरोग्य आणि बचाव, दोन्ही मूळ आकडे अवघे ५५ आहेत. की कोणाच्याही धड वाराला तोंड देत तो मैदानात येऊ शकत नाही, त्याला नेहमी एखाद्या साथीदाराचा बळी देऊन किंवा अचूक अंदाज बांधूनच आत आणावे लागते. की जमिनीवर स्टेल्थ रॉक, म्हणजे मैदानात येणाऱ्याला टोचणारे दगड, पसरलेले असतील तर प्रत्येक प्रवेशाला त्याचे चतुर्थांश आयुष्य जाते, आणि ते वाचवण्यासाठी हेवी-ड्यूटी बूट्स घातले तर, वस्तू एकच बाळगता येत असल्यामुळे, लाइफ ऑर्ब या वस्तूचे वाढीव बळ मिळत नाही. की ट्रिपल ॲक्सेलचा प्रत्येक वार ९० टक्के अचूक असल्यामुळे तिन्ही वार लागण्याची शक्यता सुमारे ७३ टक्केच उरते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डार्क आणि आइस हे दोन्ही प्रकार फायटिंगपुढे दुबळे असल्यामुळे त्याला फायटिंगचा वार चौपट लागतो. हिटमॉनचॅन या फायटिंग पोकेमॉनचा मॅक पंच हा अग्रक्रमाचा वार आहे, म्हणजे वेग ११५ असो की १५०, तो आधी लागतो. त्याचे मूळ बळ ४० आहे, पण पूर्ण आरोग्य असलेला स्नीझलही तेवढ्याने एका फटक्यात आडवा होतो. हिटमॉनचॅन आमच्या खालच्या टियरमध्ये पहिल्या दिवसापासून होता. सोळा संघांपैकी एकानेही तो घेतला नव्हता.

अंतिम सामन्यातील पराभूत खेळाडूच्या संघात फायटिंग प्रकाराचा एकही पोकेमॉन नव्हता, स्टेल्थ रॉक टाकणारा कोणी नव्हता, आणि सायकिक व घोस्ट प्रकारांची, म्हणजे नेमक्या डार्कपुढे कोसळणाऱ्यांची, मात्र रेलचेल होती. लढत सुरू होण्यापूर्वी दोन्ही खेळाडूंना एकमेकांचे सहाही पोकेमॉन दिसतात, त्यामुळे स्नीझल समोर आहे हे त्यांना पहिल्या क्षणापासून ठाऊक होते. स्नीझल स्वॉर्ड्स डान्स करत असताना त्यांनी फोकस ब्लास्ट टाकला, तो चुकला, आणि त्या एका चुकलेल्या वारातून संपूर्ण टियरच्या आरोग्याची चिंता जन्माला आली. ग्रुपवर त्याच रात्री ‘स्नीझल अनहेल्दी आहे’ असा संदेश पडला. पराभवानंतर चोवीस तासांच्या आत सुचलेल्या सुधारणांना आमच्याकडे नेहमी प्राधान्य मिळते.

मतमोजणीच्या कलेविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. बंदीसाठी ६० टक्के मते हवीत, हा नियमही आम्ही थोरामोठ्यांकडूनच घेतला. एकूण ११ जणांनी मत दिले. सहा बंदीच्या बाजूने, पाच विरोधात. हे प्रमाण ५४.५ टक्के होते, म्हणजे प्रस्ताव पडला. पण खरा प्रशासक इथे खचून जात नाही. समितीने विचारांती असे ठरवले, की मी स्वतः स्नीझल वापरत असल्यामुळे माझे हितसंबंध गुंतलेले आहेत, सबब माझे मत बाद. उरली १० मते, त्यांत सहा बंदीची, बरोबर ६० टक्के. स्नीझलकडून अंतिम सामना हरलेल्या सद्गृहस्थांचे मत मात्र पूर्णतः तटस्थ असल्याचा निर्वाळा देण्यात आला. मी हरकत घेतली, तेव्हा समितीच्या एका सदस्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, “काहून टेन्शन घेतो बे, गेमच तं आहे.” गेमच आहे हे मत बाद करताना कसे आठवले नाही, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले.

एकदा बंदी घातल्यावर तिच्या परिणामांकडे पाहू नये, कारण परिणाम दिसले की पुढची बंदी घालावी लागते. आमच्याकडे त्यांकडे कोणी पाहिले नाही, तरी ते झालेच. स्नीझल गेला आणि आठवडाभरात मिसमेजियस हा घोस्ट पोकेमॉन मोकाट सुटला. त्याचा मूळ वेग १०५ आहे. स्नीझल असताना त्याला नॅस्टी प्लॉट ही बळ वाढवणारी चाल करण्याची छाती होत नव्हती, कारण त्याच्याहून वेगवान आणि घोस्टला मारणारा एक जण नेहमी बाकावर बसलेला असे. तो धाक गेल्यावर मिसमेजियस निवांतपणे आपले बळ दुप्पट करून संघच्या संघ झोपवू लागला. मग त्याच्यावर बंदी आली, तीही चर्चेशिवाय, समितीच्या विशेषाधिकारात. आता फायटिंगचे वार ज्यांच्या अंगाला लागतच नाहीत असे जे थोडे घोस्ट या टियरमध्ये होते, त्यांतला सर्वांत चांगला गेला, आणि हिटमॉनचॅन, हिटमॉनटॉप वगैरे मंडळी प्रत्येक संघात दिसू लागली. म्हणजे ज्या हिटमॉनचॅनला एका संघाने जरी जागा दिली असती तरी स्नीझलचा प्रश्न मतदानाविना मिटला असता, तो आज सर्वांच्या संघात आहे, आणि ज्याच्यासाठी तो हवा होता तो स्नीझल नाही. आता ‘हिटमॉनचॅन फार झाला’ अशी कुजबुज सुरू झाली आहे.

आता सूचना पुरे झाल्या. समितीशी सरळच बोलतो.

तुम्हाला खालचा टियर नकोच आहे. तुम्हाला असा टियर हवा आहे की ज्यात तुमचा संघ, एकदा बांधला की, पुन्हा उघडावा लागणार नाही. काही पोकेमॉनवर बंदी घालावीच लागते, हे मी नाकारत नाही. बॅटन पासवर, म्हणजे वाढवलेले बळ साथीदाराकडे सोपवण्याच्या चालीवर, आधी अटी घातल्या गेल्या आणि तरीही तो आवरेना म्हणून पुढे तो बंद झाला. खेळाच्या पाचव्या पिढीत पाऊस पाडणारी ड्रिझल आणि पावसात वेग वाढवणारी स्विफ्ट स्विम या क्षमता एका संघात ठेवण्यास मनाई झाली. पण ते निर्णय घेणाऱ्यांनी आधी उत्तरे शोधली, ती वापरून पाहिली, ती वापरल्याने बाकीचा संघ किती लुळा पडतो हे तपासले, आणि मग हात टेकले. तुम्ही एक मॅक पंच टाकून पाहिला नाहीत. एक! स्टेल्थ रॉक टाकायला एका पोकेमॉनच्या चार चालींतील एक चाल लागते, तीही तुम्हाला जड झाली.

आणि हा टियर म्हणजे तुमच्या अडगळीची खोली नाही. चॅरिझार्ड लहानपणापासून आपल्या सगळ्यांचा लाडका. पण फायर आणि फ्लाइंग हे दोन्ही प्रकार रॉकपुढे दुबळे, त्यामुळे स्टेल्थ रॉकवर पाय पडताच त्याचे अर्धे आयुष्य जाते, आणि पाचव्या पिढीत तो थेट नेव्हरयूज्ड या खालच्या टियरमध्ये होता. तिथे लोकांनी त्याच्यासाठी दगड झाडून काढणारे साथीदार शोधले, त्याला सांभाळून आत आणले आणि सामने जिंकले. खालच्या टियरमध्ये हीच मजा असते. ज्याच्यात एक ठळक बळ आणि तीन ठळक उणिवा आहेत, अशा पोकेमॉनला घेऊन बुद्धी चालवायची असते. स्नीझल हुबेहूब तसाच पोकेमॉन आहे. ज्या दिवशी तुम्ही असे सगळे काढून टाकाल, त्या दिवशी उरेल ती फक्त गुळगुळीत, बिनधोक, कंटाळवाणी यादी, आणि ती खेळायला तुम्हीसुद्धा येणार नाही, कारण तुम्ही आधीही येत नव्हता.

तेव्हा पुढच्या बैठकीत हिटमॉनचॅनचा प्रस्ताव आणणार असाल, तर सोबत किमान दहा लढतींचे रिप्ले आणा, ज्यांत त्याला थांबवण्याचा कोणी प्रामाणिक प्रयत्न केलेला दिसेल. ज्यांनी या महिन्यात खालच्या टियरची एकही लढत खेळलेली नाही, त्यांनी मत न देता गप्प बसावे, मग ते समितीत असोत वा नसोत. अकरा मते पडली तर ती अकराच मोजा. आणि त्याआधी स्नीझल परत आणा, मिसमेजियस परत आणा, आणि ज्याला दोघांचीही भीती वाटते त्याने हा लेख बाजूला ठेवून आधी आपला संघ बांधायला बसावे.