४९ ने सुरू, ०० ने शेवट

आज परत तेच. आमच्या अभ्यासाच्या ग्रुपवर एका पोराने साधा प्रश्न टाकला की आयएस-आयएसमध्ये (राऊटर एकमेकांना रस्ते सांगतात तो एक प्रोटोकॉल) तो एवढा लांबलचक नेट (एनईटी) ॲड्रेस कशाला लागतो, आणि तो इंटरफेसला, म्हणजे राऊटरच्या एकेका जोडणीला, न देता अख्ख्या राऊटरला एकच का देतात. लगेच उत्तर हजर. "४९ ने सुरू, ०० ने शेवट, मधे काहीही टाक. एक-दोन मार्कांचं आहे, डोकं लावू नकोस." त्यावर अकरा अंगठे. अकरा! पोराच्या प्रश्नावर एकही नाही.

मधे काहीही टाक म्हणे. हे वाचून माझं जे डोकं सटकलंय ते अजून जागेवर नाही, कारण ते 'मधे काहीही' मी करून बसलेली बाई आहे.

मागच्या वर्षी, रात्रीचा दीड. लॅबमध्ये दोन राऊटर, मधे एक वायर, याहून सोपं काही नसतं. पहिल्याचं कॉन्फिग कॉपी करून दुसऱ्यावर पेस्ट केलं, होस्टनेम बदललं, आयपी बदलला, पिंग मारला तर पहिला टिंब आणि पुढे चार उद्गारचिन्हं, म्हणजे एआरपीत (समोरच्याचा हार्डवेअर पत्ता शोधण्यात) पहिला एक गेला, बाकी सगळं छान. आणि नेबर, म्हणजे आयएस-आयएसने ओळखलेला शेजारचा राऊटर? नाहीच. शो कमांड मारतेय, रिकामं. परत मारतेय, परत रिकामं. दोन तास मी आयपी तपासत बसले. सबनेट मास्क तीनदा बघितला. वायर म्हणजे सिम्युलेटरमधली रेघच, ती पण काढून परत जोडली, जणू लूज कनेक्शन असणार होतं. शेवटी वायरवरून काय जातंय ते बघायला कॅप्चर लावलं, हात सवयीने फिल्टरमध्ये 'आयपी' टाईप करून मोकळा झाला, आणि स्क्रीन कोरी. त्यावरून मी काय निष्कर्ष काढला, तर हॅलो (नेबर शोधायचे मेसेज) जातच नाहीयेत, सिम्युलेटर बिघडलाय. धन्य आहे मी.

अहो, हॅलो धडाधड जात होते. फक्त ते आयपीत नव्हते! आयएस-आयएस आयपीवर चालतच नाही, तो सरळ आयपीच्या खालच्या थरात, लेअर दोनच्या फ्रेममध्ये बसून जातो. ओएसपीएफ, म्हणजे याच कामाचा दुसरा प्रोटोकॉल, आयपीच्या पाकिटात जातो, प्रोटोकॉल नंबर ८९, म्हणून आपल्याला वाटतं सगळे तसेच. पिंग होतोय म्हणजे सगळं ठीक, हा आपला देवावरचा विश्वास असतो तसा विश्वास. इथे पिंगचा आणि नेबरचा रस्ताच वेगळा.

आणि हे असं का, ते कुठल्या ट्रिकमध्ये बसत नाही. हा प्रोटोकॉल मुळात आयपीसाठी जन्मलाच नव्हता. डेक कंपनीच्या डेकनेट फेज फाइव्ह या नेटवर्कसाठी बनला, मग आयएसओने १०५८९ नंबरचं स्टँडर्ड म्हणून घेतला, आणि आयपीचे रूट त्यातून न्यायची सोय १९९० च्या आरएफसी ११९५ (इंटरनेटचे नियम मांडणारा दस्तऐवज) ने नंतर चिकटवली. नेटवर्किंगच्या ज्या ओएसआय मॉडेलचे सात लेअर आपण पोपटासारखे म्हणतो ना, त्याच घरातला हा. घर टीसीपी-आयपीपुढे बसलं, हा मात्र टिकला, आणि आज मोठमोठ्या सर्व्हिस प्रोव्हायडरच्या कोअरमध्ये बसलाय. तो लांबलचक पत्ता म्हणजे त्याच्या माहेरचं आडनाव आहे. सुरुवातीला एरिया (राऊटरांचा गट), ४९ म्हणजे आपला खाजगी वापराचा. शेवटचं ०० म्हणजे खुद्द राऊटर, त्याच्यावरची कुठली सर्व्हिस नाही. आणि मधले बारा आकडे, सहा बाइट, म्हणजे सिस्टिम आयडी. राऊटरची ओळख. ओळख इंटरफेसगणिक बदलत नाही म्हणून पत्ता एकच, एवढं सोपं उत्तर होतं त्या पोराला द्यायला.

तर मी पेस्ट करताना ते बारा आकडे तसेच ठेवले होते. मला पाठ काय होतं, ४९ आणि ००. दोन्ही टोकं बरोबर होती की! दोघे राऊटर एकमेकांकडून स्वतःचंच नाव ऐकत होते आणि गप्प बसत होते. बरं गप्प तरी कुठे, डुप्लिकेट सिस्टिम आयडी म्हणून लॉगमध्ये बोंबलत होते, पण टायपिंगच्या मधे मेसेज घुसतात म्हणून कन्सोलचं लॉगिंग मीच बंद केलेलं.

हो, मान्य, नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्याला वेळ नसतो, आणि परीक्षेची तारीख तुम्हाला समजेपर्यंत थांबत नाही. बरं. पण मग 'मला माहीत नाही' म्हणा ना, 'डोकं लावू नकोस' कशाला?

आणि खरं सांगू का, या आडवळणाच्या प्रोटोकॉलने मला ओएसपीएफ नव्याने दाखवला. ओएसपीएफमध्ये एरियाची हद्द राऊटरच्या पोटातून जाते, अर्धे इंटरफेस इकडे अर्धे तिकडे. इथे हद्द वायरवर, शेताच्या बांधासारखी, राऊटर अख्खा एकाच एरियात. ओएसपीएफचा डीआर, म्हणजे एका नेटवर्कवरच्या राऊटरांचा म्होरक्या, एकदा खुर्चीत बसला की जास्त प्रायोरिटीवाला आला तरी उठत नाही, इथला म्होरक्या, डीआयएस, लगेच उठतो, आणि बॅकअप नावाचा प्रकारच नाही. आयपीव्ही६ आलं तेव्हा ओएसपीएफला नवीन व्हर्जन काढावी लागली, आयएस-आयएसने दोन-चार टीएलव्ही (मेसेजमधले माहितीचे कप्पे) वाढवले आणि काम चालू. कुणाला यात मजा वाटत नसेल तर नसेल, मला वाटते.

एक कबूल करायचं राहिलं, आता टाईप करता करता राग उतरलाय म्हणून लिहिते. ते '४९ ने सुरू, ०० ने शेवट' माझंच आहे. त्या रात्रीच्या आधी मीच नोट्समध्ये लिहून ग्रुपवर टाकलं होतं, 'सोपी ट्रिक' असं मथळ्यात. 'मधे काहीही' पुढे कुणीतरी जोडलं, पण मी तरी मधे काय ते कुठे लिहिलं होतं.

त्या पोराला वेगळा मेसेज केला मगाशी, हे सगळं सांगितलं, फक्त रात्री दीडचा किस्सा गाळून. त्याचं उत्तर आलं, "ताई, मग दोन राऊटरना चुकून सेम सिस्टिम आयडी दिला तर?"

म्हटलं देऊन बघ. कन्सोलचं लॉगिंग तेवढं चालू ठेव.