गिल्बर्ट की होन लिक? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

ई-सिगारेटच्या इतिहासावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचे आक्षेप तीन: शोधाचं श्रेय मी चीनच्या होन लिक यांना दिलं, खरं ते अमेरिकेच्या हर्बर्ट गिल्बर्ट यांचं, जी वाफ नाहीच तिला मी लेखभर वाफ म्हणत राहिलो, आणि लेख व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, विकणाऱ्यांच्या जाहिरातीसारखा वाटतो.

गिल्बर्ट यांचं नावच आलं नाही, ही चूक कबूल. पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्स गावचा हा माणूस भंगाराच्या धंद्यातला. १९६३ मध्ये त्यांनी बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६५ मध्ये ते मिळालं. मधल्या १९६४ च्या जानेवारीत सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध सांगणारा अमेरिकी सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याचा, अहवाल आला होता. मुहूर्त याहून चांगला कुठला असणार? तरी एकाही कंपनीने ती वस्तू बाजारात आणली नाही.

पण सर, त्या पेटंटात निकोटिनच नाही. तंबाखू जाळण्याऐवजी बॅटरीवर गरम केलेली, ओलसर, स्वादाची हवा ओढायची, एवढीच कल्पना. तलफ आलेल्याला ती हवा देणं म्हणजे चहा मागणाऱ्यापुढे वेलचीचं गरम पाणी ठेवणं. आणि ‘आधीचा तो खरा’ असंच धरायचं, तर न्यूयॉर्कच्या जोसेफ रॉबिन्सन यांना १९३० मध्येच विजेवर औषधी वाफ देणाऱ्या नळीचं पेटंट मिळालं होतं. मग तुमचे गिल्बर्टही मागे पडतात.

याच्या बरोबर उलट गंमत १९८० च्या दशकात झाली. संगणकक्षेत्रातले फिल रे यांनी ‘फेवर’ नावाची नळी काढली. आत निकोटिनात भिजवलेला बोळा, त्यातून नुसता श्वास ओढायचा. ना आग, ना बॅटरी. १९८७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ती बंद पाडली. म्हणजे गिल्बर्ट यांच्याकडे वीज होती आणि निकोटिन नव्हतं, रे यांच्याकडे निकोटिन होतं आणि वीज नव्हती. शेनयांगचे औषधतज्ज्ञ होन लिक, जे स्वतः सिगारेट ओढायचे, त्यांनी २००३ मध्ये ही दोन्ही एकत्र आणली आणि पुढे ती वस्तू दुकानात पोचली. ब्रँडचं नाव रुयान, म्हणजे ‘धुरासारखं’. श्रेयाबद्दल मी म्हणूनच माघार घेत नाही.

एक चूक मात्र तुमच्याही नजरेतून सुटली. होन लिक यांच्या यंत्रात तापणारी तार होती असं मी लिहिलं होतं. त्यांच्या २००३ च्या पेटंटात अल्ट्रासाउंडच्या कंपनांनी द्रवाचा फवारा करणारा भाग आहे. तार नंतर सगळीकडे रुळली.

आता वाफ. तुम्ही आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलंत, तुमच्याशी काय वाद घालणार! माझा मावसभाऊ गेल्या वर्षी इंग्लंडहून आला तेव्हा त्याने त्याच्या ई-सिगारेटचं रिकामं झालेलं पॉड, म्हणजे द्रव भरलेली छोटी डबी, मला ब्लेडने उघडून दाखवलं होतं. आत बोटाच्या पेराएवढी जागा, तपकिरी पडलेला कापूस आणि त्यातून गेलेली स्प्रिंगसारखी बारीक तार. बोटाला चिकट लागलं, वास शिळ्या आंब्याच्या गोळीचा. द्रवातलं प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरिन त्या तारेवर तापतं, बाहेर पडताच थंड होऊन त्याचे सूक्ष्म थेंब होतात. म्हणजे ते धुकं. नाटकात रंगमंचावर सोडतात ना, त्याच जातीचं.

जाहिरातीचा आरोप मला लागला, कारण तो अर्धा खरा आहे. २००३ ची गोष्ट रंगवून सांगताना २०१५ ची मी दोन ओळींत उरकली. त्या साली आलेल्या ज्यूल या अमेरिकी ई-सिगारेटच्या ब्रँडने निकोटिनात बेंझॉइक आम्ल मिसळून त्याचा क्षार केला. साधं निकोटिन जास्त घेतलं की घशाला झोंबतं, तोच पहिला अडसर. क्षार तेवढा झोंबत नाही, त्यामुळे युरोपात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा असताना अमेरिकेत जवळपास ५९ मिलिग्रॅमचं पॉड शाळेतली पोरंही सहज ओढू लागली. तिथल्या हायस्कुलांत ई-सिगारेट ओढणारी मुलं २०१७ मध्ये ११.७ टक्के होती, वर्षभरात २०.८ टक्के झाली. हे लेखात ठळक यायला हवं होतं.

आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. विक्री, आयात, उत्पादन, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. टपरीवर बिडी-सिगारेट मात्र उघड मिळते. ती बंदी बरोबर की चूक यावर तुमचं-माझं जमणार नाही, ते वेगळ्या लेखात बघू.

लेखात गिल्बर्ट, रॉबिन्सन आणि रे आज घातले आहेत, तारेचं वाक्य दुरुस्त केलं आहे. शीर्षकातली ‘वाफ’ तेवढी ठेवतो. ‘धुक्याची सिगारेट’ म्हटलं तर लोक महाबळेश्वरचं काहीतरी असेल समजून उघडतील.