दृष्टी येऊ नये म्हणून घ्यायची काळजी

आधी मनाशी पक्कं करा, की आपल्याला सगळं दिसतं. तुम्ही इंदूरचे असाल तर हे लगेच जमेल. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर म्हटल्यावर आतला केर कोण बघायला येतोय? सकाळी गाडी आली की शेजाऱ्यांची पापं ओली-सुकी वेगळी करून द्यावीत आणि हात झटकून पोह्यांवर जीरावन भुरभुरावं.

रविवारी चर्चमध्ये बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय निघाला तर खुशाल ऐका. तो शेजारच्या बाकासाठी असतो. येशू थुंकीने चिखल कालवून जन्मांधाच्या डोळ्यांना लावतो, शिलोहाच्या तळ्यात धुऊन ये म्हणतो, आणि तो बघत परत येतो. इथे गहिवरू नका, परुश्यांकडून, म्हणजे त्या काळच्या कडक धर्मनियमवाल्यांकडून शिका. समोर डोळस माणूस उभा, आणि यांची चौकशी काय, तर त्या दिवशी शब्बाथ होता, काम न करण्याचा पवित्र वार! चिखल कालवला म्हणजे काम झालं. मग आईबापांना बोलावणं. तेही हुशार: ‘तो वयात आलाय, त्यालाच विचारा.’ सभास्थानातून काढतील ही धास्ती. (आपल्यालाही समाजात पोरांची लग्नं जमवायची असतातच की.) गडी मात्र एकच धरून बसतो, मी आंधळा होतो, आता मला दिसतं. अशाला ‘तू आम्हाला शिकवतोस?’ म्हणून बाहेर काढावं. त्यांनी काढलंच.

शौलापासून मात्र जपून. पुढे पौल म्हणून ओळखला गेलेला हा एवढा शिकलेला माणूस, दिमिष्काला (दमास्कसला) येशूच्या अनुयायांची धरपकड करायला निघाला आणि वाटेत तीन दिवस आंधळा झाला. हाताला धरून गावात न्यावं लागलं. शोभतं का हे?

आणि ती देवाची कृपा. बायबलात इफिसकरांना धाडलेल्या पत्रात लिहिलंय, तारण कर्मांनी मिळत नाही, देवाचं दान आहे. फुकटचं घेऊ नये हे आपले संस्कार. निदान पावती तरी मागा.

मोतीबिंदूचंही सांभाळा. आमच्या आत्याबाईंनी ऑपरेशन करून घेतलं. वीस वर्षं सुनेच्या कामात खोट काढायच्या. ओटा तेवढा स्वतः पुसायच्या, दुसऱ्या कुणाला नीट जमत नाही म्हणून. पट्टी निघाल्यावर स्वयंपाकघरात गेल्या आणि थबकल्या. ‘अगं बाई, ओट्यामागची फरशी इतकी पिवळी कधी झाली?’ कुणीच काही बोललं नाही. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून बजावलेलं, तरी दुपारभर सोडा घेऊन घासत होत्या. सून घासणी मागत होती, देईनात.