‘बेन-हर’च्या संचाला मिळालेल्या एका ताऱ्याबद्दल, दुकानाकडून

नमस्कार.

तुमचा एका ताऱ्याचा रिव्ह्यू रविवारी रात्रीच वाचला. उत्तरही तेव्हाच लिहिलं होतं, पण ते वाचून बायको म्हणाली, “हे आत्ता पाठवू नका.” म्हणून आज परत लिहायला बसलोय.

इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. यांनी आमच्याकडून १९५९ च्या ‘बेन-हर’ या हॉलिवूडच्या सिनेमाचा तीन डिस्कचा ब्लू-रे संच घेतला. २०११ साली निघालेला, सोबत फोटोंचं पुस्तक आणि नायक चार्ल्टन हेस्टनच्या डायरीची प्रतिकृती असलेला. (खोक्यावर पन्नास वर्षं पूर्ण झाल्याचं लिहिलंय, प्रत्यक्षात तो बावन्नाव्या वर्षी आला. तो उशीर आमचा नाही.) किंमत साडेसहा हजार, वडिलांच्या पंचाहत्तरीची भेट. तक्रारी अशा: टीव्ही निम्मा काळा राहतो, पहिली सहा मिनिटं चित्र हलतच नाही, सुरुवातीच्या बोधचिन्हातला सिंह तोंड उघडत नाही, सिनेमा मध्येच तुटतो, तिसऱ्या डिस्कवर भलताच मुका सिनेमा निघाला, खोक्याचा कोपरा चेपला होता. आणि अगदी शेवटी, जाता जाता, रथांच्या शर्यतीत चित्र दोनदा अडकलं. निष्कर्ष: “डुप्लिकेट माल खपवतात, सावध राहा.”

डुप्लिकेट हा शब्द मात्र लागला. आमचं दुकान पुण्यात, एका जुन्या वाड्याच्या माडीवर, दहा बाय बाराच्या खोलीत आहे. सोळा वर्षं झाली. डिस्क विकून कुणी बंगला बांधत नाही हो. हा धंदा हौसेनं चालतो आणि विश्वासावर टिकतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो. जिथे चूक आमची आहे तिथे तसं सरळ सांगतो.

काळ्या पट्ट्यांचं बघा. तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही म्हणालात की टीव्ही ४३ इंची आहे. आमच्या दुकानातही तेवढाच आहे. मी तीच डिस्क लावली, शेजारच्या शिंप्याकडून टेप आणली आणि मोजलं. पडद्याची उंची जेमतेम २१ इंच, त्यात चित्र साडेतेरा इंच. वर पावणेचार इंच काळं, खाली पावणेचार इंच काळं. हे असंच असायला हवं. हा सिनेमा ६५ मिलिमीटरच्या फिल्मवर, एमजीएम स्टुडिओच्या ‘कॅमेरा ६५’ पद्धतीनं चित्रित झाला. त्याचं चित्र उंचीच्या पावणेतीन पटींहून जास्त रुंद आहे, नेमकं सांगायचं तर २.७६ पट. तुमचा टीव्ही उंचीच्या पावणेदोन पट. फूटपट्टी वहीच्या पानावर आडवी ठेवली तर वरखाली पान उघडं राहणारच.

तुम्ही लिहिलंय की वडिलांनी पूर्वी केबलवर हाच सिनेमा पाहिला होता आणि तेव्हा “टीव्ही पूर्ण भरायचा”. भरायचा, खरंय. पण कसा? त्या चौकोनी टीव्हीचा पडदा भरायचा तर या सिनेमाच्या चित्राचा निम्म्याहून जास्त भाग दोन्ही बाजूंनी छाटावा लागतो. शर्यत सुरू होते तिथे नऊ रथ आहेत, प्रत्येकाला चार घोडे. छत्तीस घोडे एका रांगेत बघायचे तर एवढी रुंदी लागते. छाटलेल्या चित्रात नायक जूडा दिसला तर त्याचा प्रतिस्पर्धी मेसाला पडद्याबाहेर, मेसाला दिसला तर जूडाचे पांढरे घोडे गायब. तुम्ही रिमोटवरून झूम केलंत आणि माणसं कापली गेली म्हणताय, ते हेच. झूम काढून टाका, खोलीतला दिवा मालवा आणि खुर्ची हातभर पुढे घ्या. दहा मिनिटांनी पट्टे दिसायचे बंद होतात. मोबाइलवर मात्र कृपा करून बघू नका.

पहिली सहा मिनिटं. ते अडकलेलं चित्र म्हणजे मायकेलअँजेलोचं ‘आदमची निर्मिती’, व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलच्या छतावरचं. त्यावर जे वाजतं ती संगीतकार मिक्लोश रोझा यांची ओव्हर्चर, म्हणजे नाटकाच्या नांदीसारखी. थिएटरात लोक खुर्च्या शोधत, कोट काढत असायचे तेव्हा ही वाजायची. तशीच ती डिस्कवर ठेवलीय. सहा-साडेसहा मिनिटं चित्र हलणार नाही, आणि ते हललं तर मला आधी फोन करा.

आता सिंह. एमजीएमचा सिंह एरवी डरकाळी फोडतो, इथे तो गप्प बसलाय. तुमचे स्पीकर ठीक आहेत. सिनेमा येशूच्या जन्माच्या प्रसंगानं सुरू होतो. त्याच्या तोंडावर डरकाळी बरी दिसणार नाही, असं दिग्दर्शक विल्यम वायलर यांना वाटलं आणि त्यांनी सिंहाला गप्प केलं. हा मुद्दा रिव्ह्यूत वाचून मी आधी हसलो, हे कबूल करतो. मग विचार केला, ज्याला माहीत नाही त्याला ते बिघाडच वाटणार. पार्सलमध्ये एक चिठ्ठी टाकायला आम्हाला काय झालं होतं?

मध्येच तुटतो म्हणजे मध्यंतर होतं. सिनेमा साडेतीन तासांचा, म्हणून दोन डिस्कवर. एकाच डिस्कवर कोंबला असता तर चित्राचा दर्जा घसरला असता, आणि मग मूळ निगेटिव्हवरून ८के, म्हणजे अतिशय बारीक तपशिलाचं, स्कॅन करून एवढी डागडुजी केली त्याला काय अर्थ राहिला? पहिली संपल्यावर चहा टाकायचा आणि दुसरी लावायची.

तिसऱ्या डिस्कवरचा “भलता” सिनेमा म्हणजे याच गोष्टीवरचा १९२५ चा मूकपट, फ्रेड निब्लो यांचा. तो जादा दिलेला आहे, चुकून आलेला नाही. रंग मधूनच येतात आणि जातात, तेही मुळातलंच. काही प्रसंग तेव्हाच्या दोन रंगांच्या टेक्निकलरमध्ये काढले होते. गंमत म्हणजे त्या मूकपटाच्या शर्यतीसाठी जे अनेक सहायक राबत होते त्यांत तरुण वायलरही होते. वडिलांना हा नक्की दाखवा.

खोक्याचा कोपरा. इथे आमचं चुकलं. आम्ही “नव्यासारखा” लिहिलं होतं. हा संच आता नवा मिळत नाही, आम्ही तो एका संग्राहकाकडून जुना घेतला. कण्याचा रंग थोडा उडालेला होता, ते फोटोत दिसत नव्हतं आणि आम्ही लिहिलंही नाही. वर पुठ्ठ्याचे कोपरे न लावता नुसत्या बबलच्या कागदात गुंडाळून पाठवला. कुरिअरवाल्याला दोष देऊन मोकळं होता आलं असतं, पण एवढं जड खोकं आहे हे आम्हाला माहीत होतं, त्याला नव्हतं. या चुकीचे बाराशे रुपये तुमच्या खात्यावर काल जमा केलेत. इथून पुढे जुन्या मालाला “नव्यासारखा” लिहिणं बंद.

आणि शर्यत.

तुमच्या रिव्ह्यूतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हे आहे आणि ते तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत. सिंहासाठी तीन ओळी, याला अर्धी. जुना माल विकण्याआधी डिस्क तपासतो असं आम्ही पाटी लावून सांगतो. या संचाची पहिली डिस्क मी पूर्ण चालवली होती. दुसरीची सुरुवात बघितली, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि मी ती खोक्यात परत ठेवली. शर्यत दुसऱ्या डिस्कवर आहे. रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओतल्या अठरा एकरांच्या मैदानात पाच आठवडे चित्रित केलेली नऊ मिनिटं, ज्यांच्यासाठी लोक हा संच घेतात, नेमकी तीच मी तपासली नाहीत. तुम्ही पाठवलेल्या फोटोत डिस्कच्या कडेला केसासारखा गोल ओरखडा आहे. आडवा, आतून बाहेर जाणारा ओरखडा बहुतेक वेळा निभावून जातो, पण गोल गेलेला ओरखडा डिस्क वाचणाऱ्या लेझर किरणाला अडवतो. पुसून जाण्यातला नाही तो. टूथपेस्ट वगैरे लावू नका.

सुटी डिस्क बाजारात मिळत नाही. माझ्या घरी हाच संच आहे, माझा स्वतःचा. त्यातली दुसरी डिस्क काल रात्री शर्यतीपासून शेवटपर्यंत बसून बघितली, एकदाही अडकली नाही. ती आज दुपारच्या कुरिअरनं निघतेय, यावेळी पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांसकट. तुमची डिस्क तुमच्याकडेच राहू द्या, परत पाठवायच्या फंदात पडू नका. पूर्ण संचच नको असेल तर तेही चालेल. आमचा माणूस येऊन घेऊन जाईल, पैसे पूर्ण परत, ते बाराशेही तुमचेच.

तारा वाढवा असं म्हणणार नाही. मिळाला तो बरोबर मिळाला, कारण वेगळं असलं तरी. फक्त सिंहाचं वाक्य काढता आलं तर बघा. परवापासून दोन जणांनी फोन करून विचारलंय की तुमच्याकडच्या प्रतीत तो ओरडतो का.